मार्कंड्याची चिलीम

चामोर्शी, १२ जानेवारी १९५८

आज तहसील कचेरीतून बोलावणं आलं. शिपाई शाळेच्या दारात उभा राहिला आणि माझ्या हातातला खडू मोडला. सरकारी माणूस दारात आला म्हणजे चांगली बातमीही असू शकते, हे आमच्या घराण्यात कुणी शिकवलेलं नाही. मुलं खुदुखुदू हसली. मी त्यांना तेराचा पाढा लिहायला बसवलं आणि कोट चढवून निघालो.

तसं वाईट काही नव्हतं. नागपूरहून एक समिती येणार आहे. गांजाची सरकारी परवान्याची दुकानं चालू ठेवावीत की कायमची बंद करावीत, यावर गावोगावच्या लोकांच्या साक्षी घेणार. मार्चमध्ये चामोर्शीला बैठक. तहसीलदारसाहेब म्हणाले, "गुरुजी, बंदीच्या बाजूनं बोलायला तुमच्याइतका निष्कलंक माणूस या भागात दुसरा नाही." ऐकून बरं वाटलं, आणि घरी येईपर्यंत धास्ती बसली. पांढऱ्या धोतरावर डाग लवकर दिसतो.

बोलायला माझ्याजवळ पुष्कळ आहे. एक लटारू पुरे. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांत गणितात त्याच्या तोडीचा दुसरा झाला नाही. उत्तर सापडलं की डोळे मिटून हसायचा. मग गोसाव्यांच्या नादी लागला, हाती चिलीम आली, आणि आज मार्कंड्याच्या देवळाच्या पायरीवर बसून असतो. ओळख देत नाही, अंगावर कापड ठेवत नाही. त्याला पाहिलं की मला आधी संताप येतो आणि मग रडू येतं.

अडचण एवढीच की लटारू माझ्या व्याह्यांचा धाकटा भाऊ, आणि व्याह्यांशी आमचं फाटलेलं. गेल्या वैशाखात वच्छलाचं लग्न झालं. दोन व्याह्यांनी, इकडच्या बोलीत दोन इवायांनी, मांडवात एका चिलमीला तोंड लावायचं अशी इकडची रीत. सोमाजींनी चिलीम पुढे केली, मी चारचौघांत हात मागे घेतला, वर गांजाच्या दुष्परिणामांवर दोन शब्द बोललो. दोन कुठले, वऱ्हाडाच्या पानातला भात थंड होईपर्यंत बोललो. त्या दिवशी कुणी काही म्हटलं नाही. पण दिवाळीला वच्छला माहेरी आली ती आलीच. नदीपलीकडून तिला न्यायला अजून कुणी आलेलं नाही. जावई नानाजी गरीब स्वभावाचा, बापापुढे तोंड उघडत नाही.

आता साक्षीत लटारूचं नाव घ्यावं की नाही? न घेतलं तर साक्ष पांगळी. घेतलं तर पोरीच्या सासरच्या अब्रूवर घाव. आज जेवण गेलं नाही.

१९ जानेवारी

बाजारात लच्छूशेठनं गाठलं. गांजाच्या दुकानाचा परवाना त्याचा. माझी साक्ष व्हायची आहे हे त्याला माझ्या आधीच ठाऊक असावं.

"गुरुजी, माह्या दुकानात सरकारचं सील हाये," तो म्हणाला. "मोजून देतो. पोट्ट्यासोट्ट्याले दुकानात उभं करत नाई. तुमी बंद करून टाका, पन लोक ओढाचं सोडनार हायेत का? जंगल काय दूर हाये? कोनी बी पिकवन, कोनी बी काई बी मिसळवन. मंग त्याले इचारनार कोन?"

मी म्हणालो, "विष मोजून दिल्यानं त्याचं औषध होत नाही."

वाक्य झकास जमलं. साक्षीत घालणार आहे. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हे, हे मला घराजवळच्या पिंपळापर्यंत येता येताच कळलं. माणूस लबाड आहे, प्रश्न मात्र लबाड नव्हता. घरी गुणाबाईला सांगितलं, तर ती तांदूळ पाखडता पाखडता म्हणते, "दुकानाले कुलूप लागते जी. मानसाले कुठी लावान?"

बायको आपल्या बाजूनं आहे की लच्छूच्या, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही सांगता येत नाही.

२ फेब्रुवारी

माझ्या नव्या उपरण्याची एक बाजू कुणीतरी फाडली आहे. लाल काठासकट चांगली लांब पट्टी गेली. साक्षीच्या दिवशी हेच उपरणं घालणार होतो. उंदीर म्हणावं तर उंदीर असं सरळ रेषेत कुरतडत नाहीत. गुणाबाईला विचारलं तर म्हणाली, "गुरुजीच्या घरचे उंदीर, शिकलेले असतीन." घरात कुणाला माझ्या वस्तूंची कदर म्हणून नाही.

वच्छलाचं पित्त वाढलंय. सकाळी ओकते आणि दिवसभर चिंचा चघळते. चिंचेनंच पित्त होतं हे मी तिला नीट समजावून सांगितलं, आणि हिंग्वाष्टक आणून दिलं. मायलेकी एकमेकींकडे पाहून हसल्या. आणि हसता हसता वच्छलाला एकदम रडू फुटलं. मी औषध कडू नाही म्हणून सांगत राहिलो, पण ती उठून मागच्या दारी गेली. पोरीची तब्येत नाजूक झाली आहे.

१० फेब्रुवारी

सोमाजींचा निरोप आला: शिवरात्रीला मार्कंड्याला या.

त्याचा अर्थ इकडे लहान पोरालाही समजतो. शिवरात्रीच्या जत्रेत वैनगंगेच्या वाळूवर रुसलेली, भांडलेली माणसं समोरासमोर बसतात आणि एक चिलीम फिरते. कुणी कुणाची माफी मागायची नाही. चूक कुणाची हे उकरायचं नाही. बोलायचंच नाही. समोरच्यानं पुढे केलेली चिलीम दोन्ही हातांनी घेतली की मिटलं. परत केली की पुढच्या शिवरात्रीपर्यंत तो विषय कुणी काढायचा नाही. भावाभावांचे बांध यावर मिटले आहेत, मोडलेल्या सोयरिकी जुळल्या आहेत. मला हे सगळं मान्य आहे. पण महादेवाच्या नावाखाली शेवटी गांजाच ना?

गुणाबाई म्हणाली, "घ्याची, कपाळाले लावाची, पुढं द्याची. ओढा म्हून कोन म्हनते तुमाले?"

"आज कपाळाला, उद्या तोंडाला," मी म्हणालो. "लटारूचंही असंच सुरू झालं असेल."

ती काहीतरी बोलणार होती. आतल्या वच्छलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले सांगता नाई येत. सोमाजीभाऊनं आन घातली हाये. सांगून घेतली त ते चिलीम नाई होत, सौदा होते म्हनतात."

बायकांना कशातही गुपित सापडतं. मला एवढंच दिसतं की जत्रेत सगळा मुलूख लोटतो, आणि बंदीच्या बाजूचा मुख्य साक्षीदार हातात चिलीम घेऊन बसलेला एकानं जरी पाहिला, तरी माझ्या शब्दाला कवडीची किंमत राहणार नाही. दुसरीकडे वच्छला. काय करू? देवा, तूच यातून काहीतरी काढ. पण तूही पडलास चिलीमवाल्यांचा देव!

महाशिवरात्र

आज लिहायचं मन नाही, तरी लिहितो. लिहिलं नाही तर झोप लागायची नाही.

सकाळीच बैलगाडीनं निघालो. वच्छलानं लोखंडी पेटी बरोबर घेतली. जत्रेला पेटी कशाला, मी विचारलं. "असू द्या बाबा," एवढंच बोलली. लग्नातलं हिरवं लुगडं नेसली होती. मला दोन दिवसांपासून सर्दी, नाक चोंदलेलं, डोकं जड. दर्शन घेऊन घाटावर आलो तर पायरीवर समितीचे चिटणीस उभे. नागपूरचे तरुण गृहस्थ, जत्रेतली व्यसनं बघायला मुद्दाम आलेले. "गुरुजी, आमची सगळी मदार तुमच्यावर," म्हणाले. खालच्या पायरीवर लटारू बसला होता. मी हाक मारली. त्यानं माझ्यामागच्या नदीकडे पाहिलं.

वाळूवर सोमाजी बसले होते. शेजारी नानाजी, आणि त्यांच्या गावचे दोन म्हातारे. मी बसलो. गुणाबाई आणि वच्छला थोड्या अंतरावर पेटीपाशी उभ्या राहिल्या. राम राम झाला आणि मग कुणी काही बोललं नाही. सोमाजींनी कमरेची चिलीम काढली, तिला साफीचं फडकं गुंडाळलं. फडकं कोरं, पांढरंशुभ्र, लाल काठाचं, आणि ठणठणीत कोरडं. लोक साफी भिजवून घेतात असं ऐकून होतो. व्यसनातही किती ही टापटीप, असं मनात आलं. त्यांनी चिलीम कपाळाला लावून, मुठीआड तोंडाशी नेऊन म्हाताऱ्यांकडे दिली. त्यांनीही तसंच केलं. नानाजीनंही. कुणी खोकलंसुद्धा नाही. सरावलेल्या छात्या. सर्दीमुळे मला वासही आला नाही, ते एक बरं.

मग ती परत सोमाजींकडे आली, आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. त्यांचे हात किंचित कापत होते. गांजानं नसा दुबळ्या होतात, हे मी वाचलं आहे.

माझा हात उचलला गेला होता. या वहीत खोटं लिहायचं नाही. अर्ध्यापर्यंत गेला होता. तेवढ्यात नजर वर गेली. चिटणीस घाटावरून माझ्याकडेच पाहत होते. माझे दोन्ही हात आपोआप जोडले गेले आणि तोंडातून निघालं, "क्षमा करा. हे माझ्या तत्त्वात बसत नाही."

सोमाजींनी चिलीम थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग मागे घेतली. फडकं सोडलं, झटकलं, नीट घडी करून कनवटीला खोचलं. "बरं, गुरुजी," म्हणाले आणि उठले. नानाजी वच्छलाकडे बघत उभा होता. बापानं हाक मारल्यावर मान खाली घालून गेला. पाण्यातून पलीकडे जाताना त्यानं एकदा वळून पाहिलं. वच्छला पेटीवर बसली होती.

पेटी गाडीत परत चढवताना मीच एक बाजू धरली. फार जड होती.

१९ फेब्रुवारी

चिटणिसांचा निरोप: वाळूवरचा प्रसंग त्यांनी अध्यक्षांना सांगितला, अध्यक्ष प्रसन्न आहेत. मी तत्त्वाला जागलो. वच्छला वाढते, विचारते भात हवा का, आणि निघून जाते.

२७ फेब्रुवारी

आज गुणाबाईनं सांगितलं. पित्त नव्हतं. पाचवा लागला आहे.

आधी मला इतका आनंद झाला की मी उभा राहिलो. मग खाली बसलो. ही गोष्ट मी हिंग्वाष्टकानं बरी करत होतो! गुणाबाई हसली नाही, उलट तिचे डोळे भरले. "सातव्यात सासरी ओटी भराची असते. कोन नेईन तिले? लोक इचारून राह्यले, पोट्टी दिवाळीची आली, जाऊन काऊन नाई राह्यली. काय सांगू मी? तत्त्व हाये म्हून सांगू?"

मी कोट चढवला, दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

सोमाजींकडे जाऊन पाय धरावेत असं मनात येतं. पण परत केलेल्या चिलमीचा विषय वर्षभर काढायचा नाही. घेताना रीत मानली नाही, आणि आता जायच्या वेळी तीच रीत पायात आली आहे. समितीचं एकदा पार पडू दे, मग काहीतरी बघू. असं लिहिलं खरं, पण "काहीतरी" म्हणजे काय हे मला माहीत नाही.

५ मार्च

होळी झाली. पोरांनी बोंबा ठोकल्या त्यात माझंही नाव होतं म्हणे. वच्छला बाहेर पडली नाही. साक्षीचा कागद पाचव्यांदा खोडून लिहिला. लटारूचं नाव काढलं. पुन्हा घातलं.

१२ मार्च

समिती माझ्याच शाळेत बसली, माझ्याच वर्गात. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, माझ्या खुर्चीत. मागे फळा, मी कालच ओल्या फडक्यानं पुसलेला. फाटकी बाजू आत दुमडून उपरणं घेतलं होतं.

पहिला लच्छूशेठ. सील, माप, परवाना, तेच सगळं. मग एटापल्लीकडच्या जंगलातला पत्रू उभा राहिला, सागाच्या गाड्या हाकतो. म्हणाला, "साहेब, थंडीत रानातून गाडी आनतो. एक दम मारला त अंगातली कळ जाते, वाघाचा भेव जाते. तुमी बंद करा, आमी नाई म्हनत नाई. पन मंग कंबल देसान का?" सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. हाही प्रश्न माझ्या कागदात नव्हता.

मग माझं नाव पुकारलं. मी विषाचं वाक्य म्हटलं, टाळ्या पडल्या. आणि लटारूवर आलो. तेव्हाच मागच्या भिंतीशी उकिडवे बसलेले सोमाजी मला दिसले. मी थांबलो. पण कागद हातात होता, डोळे वाचत गेले, तोंड बोलत गेलं: हुशार मुलगा, चिलीम, देवळाची पायरी, उघडं अंग. शेवटी आवाज फुटला, कारण ते सगळं खरं होतं आणि मला त्याचं दुःख आहे. पुन्हा टाळ्या. मी बसलो.

अध्यक्षांनी विचारलं, "आणखी कुणाला बोलायचं आहे?"

सोमाजी उठले. पटका काढून हातात घेतला.

"मी लटारूचा मोठा भाऊ," ते म्हणाले. "गुरुजी बोलले ते अक्षर न अक्षर खरं हाये. दुकान बंद करा साहेब. माह्या भावाले कोनी परत आनून देत नाई, पन दुसऱ्याचा त वाचन."

मला कानांवर विश्वास बसेना. चिटणीस पुढे वाकून म्हणाले, "पण तुम्ही स्वतः तर शिवरात्रीला चिलीम फिरवत होतात. मी डोळ्यांनी पाहिलं आहे."

"फिरवत होतो जी. चिलीम फिरवली पाह्यजे. आमच्या इकडं भांडन त्याच्यानंच मिटते, कोर्टात नाई मिटत. पन लटारूचं डोस्कं गेलं तवापासून आमच्या घरी गांजा नाई. आमी रिकामी फिरवतो."

"रिकामी?" अध्यक्षांनी विचारलं.

"लग्नात भरली होती, पाव्हन्यासाठी. ते चुकलंच. गुरुजी बोलले, मले राग आला, पन बोलले ते बराबर होतं. म्हून शिवरात्रीले आत काईच नाई घातलं. इस्तू बी नाई." त्यांनी हातातला पटका खांद्यावर टाकला. "चिलमीत काय हाये ते मोठं नाई साहेब. समोरच्यानं घेतली का नाई, तेवढंच पाह्यतो आमी."

"मग? मिटलं भांडण?"

सोमाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नाई जी. यंदा परत आली," म्हणाले आणि खाली बसले.

पुढे कोण काय बोललं ते मला ठाऊक नाही. कोरडी साफी. कुणी न खोकणं. मी सगळं पाहिलं होतं, या वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं. त्यांचे हात कापत होते ते पोरीच्या बापापुढे कापत होते. आणि मी नसांचं निदान करत बसलो! इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

बैठक सुटल्यावर ते शाळेच्या अंगणातल्या चिंचेखाली पाणी पीत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "सोमाजीभाऊ, ती चिलीम..."

"वैनगंगेत देल्ली टाकून. परत आलेली घरात ठेवत नाई." त्यांनी कनवटीतून एक घडी काढली. "हे मातर तुमचं हाये. म्हून ठेवलं."

लाल काठाची पट्टी. मी उपरण्याची दुमड उघडली आणि जोडून पाहिली. फाटलेला दोरा दोऱ्याला जुळला.

"पोरीनं पाठवली होती," ते हळू बोलले. "बाबाचं कापड असलं त बाबा हात लावन, म्हने."

मी तिथून सरळ लच्छूशेठच्या दुकानी गेलो. दिवसाढवळ्या, बाजारातून, डोक्यावर टोपी नीट ठेवून. समोरच्या हॉटेलात समिती चहा पीत होती. लच्छूशेठ गादीवरून उठूनच उभा राहिला.

"गुरुजी? काय पाह्यजे?"

"चिलीम द्या एक."

"आत काय भरू?"

"काही नको."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. दुकानाच्या पायरीवर उतरलो तर चिटणीस हातात कप घेऊन आलेले. "गुरुजी, तुम्ही? इथे? हातात हे?" मला खूप काही सांगता आलं असतं. रिकामी आहे म्हणून उलटी करून दाखवता आली असती. पण ती दाखवायची होती एकालाच. "हो, मीच," म्हणालो आणि चालू लागलो.

चिंचेखाली बसलो. पट्टी चिलमीला गुंडाळली, नीट जमली नाही, सवय नाही. दोन्ही हातांनी सोमाजींपुढे धरली. आज शिवरात्र नव्हती, वाळू नव्हती, वर्षही सरलं नव्हतं. ते नाही म्हणाले असते तर त्यांचं बरोबर ठरलं असतं. मला वच्छलाचं सांगायचं होतं, सहावा लागेल हे सांगायचं होतं, चुकलो म्हणायचं होतं. एक शब्द बोललो नाही. माझे हात कापत होते.

सोमाजींनी आधी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग त्यांनी चिलीम घेतली. तिच्या तोंडात डोकावून पाहिलं, आणि एवढा मोठा माणूस, पटक्याच्या शेवानं डोळे पुसायला लागला. कपाळाला लावून त्यांनी ती माझ्याकडे दिली. मी कपाळाला लावली. भाजलेल्या मातीचा वास आला. सर्दी कधीच गेली होती.

"पाडव्याले येतो गाडी घेऊन, इवाई," ते म्हणाले.

२१ मार्च, गुढीपाडवा

आले. स्वतः सोमाजी, आणि नानाजी. नानाजी आज चक्क बोलला. उन्हात गाडीला सावली हवी म्हणून बापाशी वाद घालून वर चटई बांधून घेतली त्यानं. गुणाबाईनं ओटी भरली. वच्छला पाया पडायला वाकली तेव्हा मला म्हणाली, "बाबा, राह्यलेलं उपरनं मले द्या."

"ते कशाला? फाटकं आहे."

"मऊ हाये. दुपटं होईन."

दिलं. पेटी गाडीत चढवायला एका बाजूनं मी धरली, दुसऱ्या बाजूनं सोमाजींनी. तेवढीच जड होती. गाडी पिंपळापलीकडे गेल्यावर गुणाबाई म्हणाली, "शिकलेल्या उंदराचं नाव आता तरी कळलं का जी?"

२४ मार्च

तहसीलदारसाहेबांनी बोलावून घेतलं. बसा म्हणाले नाहीत. साक्षीच्या दिवशीच परवान्याच्या दुकानातून चिलीम घेणाऱ्या इसमाची साक्ष अहवालात घेता येत नाही, असं समितीनं कळवलं आहे. सोमाजींची घेतली आहे. मी म्हटलं, योग्य केलं, त्यांची माझ्यापेक्षा चांगली होती. दुकानाचं काय होणार ते अजून कुणालाच ठाऊक नाही. बंद व्हावं असंच मला आजही वाटतं. पत्रूच्या कांबळ्याचं आणि लच्छूच्या प्रश्नाचं काय, हेही वाटतं. दोन्ही एकदम वाटू शकतात.

रस्त्यात लोक तोंडावर हसत होते. निष्कलंक हा शब्द तर आता संपलाच. धास्ती वाटेल म्हणून मी वाट बघत होतो, पण पोटात भूक लागली होती.

शाळेत शिरलो तर सगळा वर्ग माना खाली घालून बसलेला, कुणाच्या खांद्याला हसू आवरत नव्हतं. फळ्यावर खडूनं एक मोठी चिलीम काढली होती, खाली "बापूजी गुरुजी" असं लिहिलेलं. चित्र सुबक होतं. चिलमीतून धुराचे लोट निघून पार फळ्याच्या कडेपर्यंत गेले होते.

मी फडकं घेतलं. चिलीम तशीच ठेवली, नावही ठेवलं. धूर तेवढा पुसून टाकला, आणि मुलांना पाढे म्हणायला सांगितलं.